जेवत्या अळीला उठवू नये

महाळुंग्याच्या त्या संशोधन केंद्रात तू काय करतेस, असं कुणी विचारलं की जयमाला सरळ सांगायची, "अळ्या पाळते." विचारणारा हसायचा आणि मग ती हसत नाही हे पाहून गप्प व्हायचा. काळेवाडीतल्या तिच्या शेजारणी कंपनीत जायच्या त्या वायरी बांधायला, नाहीतर पाकिटं भरायला. अळ्या वाढवायला पगार देणारी कंपनी असते, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "आमच्याकडं अळ्या मारायला औषध आणतेत अन् तुमच्याकडं त्यान्ला जेवू घालतेत व्हय?" असं तिच्या सासूबाईंनी, सावित्रीबाईंनी, उदगीरहून फोनवर विचारलं होतं.

कंपनी पिकांवर फवारायची औषधं बनवणारी. औषध आधी कशावर तरी चालवून बघावं लागतं, म्हणून आवारात मागच्या अंगाला अळ्यांची खोली होती. हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसून बसते ती घाटेअळी. हिचा स्वभाव असा, की दोघींना एकत्र ठेवलं तर सकाळी एकच उरते आणि दुसरी तिच्या पोटात असते. म्हणून प्रत्येकीला वेगळा कप्पा. एका ट्रेला चोवीस कप्पे, असे चाळीस ट्रे. रोज सकाळी हरभऱ्याचं पीठ, यीस्ट आणि चायना ग्रास शिजवायचं, थाळ्यात ओतायचं, निवलं की बर्फीसारख्या वड्या पाडायच्या आणि कप्प्याकप्प्यात एकेक वडी ठेवायची. आदल्या दिवसाची घाण काढायची, कप्पे पुसायचे. हे जयमालाने नऊ वर्षं केलं. तिच्या आधीच्या बायकांच्या चिमटीत निम्म्या अळ्या चिरडायच्या. जयमाला मऊ कुंचल्याच्या टोकावर अळी अशी उचलायची, की उचललं हे त्या अळीलाही कळू नये.

केंद्रातल्या मोठ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉक्टर स्वरूपा मॅडम. त्यांचा विषय न्यूरोपेप्टाइड. नाव जडजंबाल असलं तरी गोष्ट साधी आहे. कीटकांच्या आणि कृमींच्या मज्जातंतूंतून प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे पाझरतात आणि तेच अंगभर निरोप नेतात: भूक लागली, खा, पोट भरलं, थांब, आता कात टाक. मॅडमनी परदेशात शिकताना मातीतल्या सूत्रकृमींमध्ये असा एक तुकडा हुडकला होता. त्याच्यामुळे ते कृमी खाणं थांबवायचे. त्याचाच भाऊबंद घाटेअळीच्या डोक्यातही असणार, असं मॅडमच्या मनाने घेतलं होतं. तो सापडला की विष फवारायचंच नाही. अळीला 'पोट भरलं' असा खोटा निरोप द्यायचा; अळी उपाशी बसेल, पीक वाचेल आणि फवारणाऱ्याच्या नाकातोंडात विष जाणार नाही. कल्पना सोन्यासारखी होती. या हकिकतीत कुणी दुष्ट माणूस नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे तो शोधण्यात वेळ जायला नको.

जयमाला मात्र कंपनीची नव्हती. ती हिंदुरावांची होती. हिंदुराव महाळुंग्याचे जुने जमीनवाले. जमिनी कंपन्यांत गेल्यावर ते कंपन्यांना माणसं पुरवायला लागले. दर सात महिन्यांनी माणसाला 'ब्रेक' द्यायचा, म्हणजे कागदावर काढून टाकायचं आणि आठ दिवसांनी नव्याने घ्यायचं, की मग कुणाला 'मला कायम करा' म्हणायला तोंड राहत नाही. पण अळ्यांना ब्रेक कुठला कळतो? त्या आठ दिवसांतही जयमालाच यायची, हजेरीवर हिंदुरावांच्या भाचीच्या नावाने सही करायची आणि वड्या पाडायची. कायमवाल्यांना आणायला-सोडायला कंपनीची बस होती, कंत्राटवाल्यांना हिंदुरावांचा टेम्पो. कायमवाली आजारी पडली तर तिला रजा मिळायची, कंत्राटवाली आजारी पडली तर तिच्या जागी दुसरी बाई मिळायची.

नवरा उद्धवराव भोसरीच्या एका वर्कशॉपात बावीस वर्षं टेम्पररी राहून, वर्कशॉप बंद पडल्यावर घरी बसला होता. जयमाला एकोणपन्नासची झाली होती आणि पन्नाशीनंतर कंपनी कुणाला कायम करत नसे. घरात दोघांपैकी एकाच्या तरी नावापुढे 'कायम' लागावं, एवढी एकच इच्छा तिने धरली होती. देवाला नवस बोलली नव्हती, कारण नवसाला पावायला देवही कुठे कंपनीच्या पटावर होता!

मॅडमचा प्रयोग असा असे. दोन डब्या घ्यायच्या, एक लाल झाकणाची आणि एक पांढऱ्या. दोन्हींत वीस वीस अळ्या, प्रत्येकीला आत वेगळा कप्पा. लाल डबीतल्या अळ्यांना सुईच्या टोकाने पेप्टाइड टोचायचं, पांढरीतल्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग प्रत्येकीला वडी द्यायची आणि चार तासांनी कुणी किती खाल्लं ते तोलायचं. पेप्टाइड बर्फातून बाहेर काढलं की लवकर खराब होतं, त्यामुळे लाल डबी आधी भरायची आणि पांढरी मागून. अळ्या काढून द्यायचं काम जयमालाचं. "वीस चांगल्या अळ्या द्या," एवढंच तिला सांगितलेलं. कोणत्या, हे कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

जयमालाच्या माहेरी एक रीत कडक होती: जेवत्याला ताटावरून उठवायचं नाही. मग तो घरचा गडी असो, की परका वाटसरू. दारात आलेल्या कुत्र्यालासुद्धा तोंडातला घास संपेपर्यंत हाड म्हणायचं नाही. तिच्या वडिलांना एकदा भावकीतल्या कुणीतरी भांडणापायी भरल्या ताटावरून उठवून नेलं, तर तिची आई पुढे वर्षभर त्या घराची पायरी चढली नव्हती. हे सगळं अंगात मुरलेलं. ट्रे उघडला, की ज्या अळ्या वडीत तोंड घालून खात असत त्यांना जयमाला हात लावत नसे. ज्या वडी सोडून कप्प्याच्या कडेला जाऊन बसलेल्या असत आणि ज्यांचं जेवण पुरतं आटोपलंय असं तिची नजर सांगे, त्या उचलून ती लाल डबीत ठेवायची. वीस भरल्या की पांढरी डबी. तोवर खाणाऱ्यांपैकी काहींनी तोंड वर काढलेलं असे, त्या पांढरीत. यात आपण काही वेगळं करतोय, असं तिला कधी वाटलं नाही. आपण श्वास घेतो हे काय कुणाला सांगत सुटतो?

प्रयोग फळाला आला. लाल डबीतल्या अळ्या वडीला तोंड लावेनात. तीसेक वेळा केला, तीसही वेळा तसंच. शिवाय त्या अळ्या दुसऱ्या दिवशी भराभर कात टाकायच्या, तोही पेप्टाइडचाच गुण ठरला. साडेतीन वर्षांत मॅडमचे दोन लेख नावाजलेल्या ठिकाणी छापून आले, त्यांना भाषणांची बोलावणी आली, केंद्रात पेढे वाटले गेले. जयमालाच्या हातावर दोन पेढे ठेवून मॅडम म्हणाल्या, "तुमच्या हाताला यश आहे हो, जयमालाताई." एक पेढा तिने उद्धवरावांसाठी कागदात बांधून नेला.

हैदराबादच्या एका प्रयोगशाळेला मात्र हाच प्रयोग जमेना. तिथल्या अळ्या टोचूनही खात राहायच्या. मॅडमनी उलट कळवलं, की तुमच्याकडे अळ्या हाताळणारं माणूस बरोबर नसेल. कंपनीनेही हैदराबादकडे लक्ष दिलं नाही. पेप्टाइडचं मोठं काम मंजूर झालं आणि त्यासोबत अळ्यांच्या खोलीसाठी एक कायमची जागा. मॅडमनी जयमालाचं नाव सुचवलं. मुलाखत घ्यायला मुख्य कचेरीतून दोन साहेब येणार होते आणि ते इथे काय चालतं असं विचारणार होते. म्हणून एका दुपारी मॅडमनी तिला आपल्या खोलीत बसवून पढवायला घेतलं.

"समजा साहेबांनी विचारलं, या प्रयोगात काय होतं? काय सांगाल?"

"मी अळ्या काढून देते, तुम्ही टोचता."

"अहो, असं नका सांगू. नीट ऐका. लाल आणि पांढऱ्या डबीतल्या अळ्या टोचण्याआधी अगदी एकसारख्या असतात. दोन्ही भुकेल्या. मग लालवाल्यांना पेप्टाइड मिळालं की त्या खाणं थांबवतात, पांढरीतल्या खात राहतात. म्हणजे खाणं कशामुळे थांबलं? पेप्टाइडमुळे. लक्षात आलं?"

जयमाला मान डोलवता डोलवता थांबली. "टोचायच्या आधी दोनीकडच्या खात असाव्या लागतेत?"

"अर्थात. नाहीतर प्रयोगाला अर्थ काय?" मॅडम हसून म्हणाल्या. "घरी जाऊन पाठ करा. तुमचं काम झालंच म्हणून समजा."

साडेतीन वर्षांत हा प्रयोग कशाचा आहे, हे जयमालाला पहिल्यांदाच कुणीतरी समजावून सांगितलं होतं. अळी वडी सोडून कडेला बसते ती बहुतेकदा कात टाकायला आलेली असते म्हणून; आणि कात टाकायच्या आधी अळी अन्नाला शिवत नाही. हे तिला मॅडमइतकंच माहीत होतं. लाल डबीतल्या अळ्यांनी पेप्टाइडमुळे खाणं थांबवलं नव्हतं. त्या आधीपासूनच खात नव्हत्या. जयमालाने निवडूनच तशा दिल्या होत्या.

घरी तिने उद्धवरावांना सांगितलं. तो खाटेवर आडवा होता, तो उठून बसला.

"तुला कुणी विचारलं का?"

"नाई."

"मग कामून सांगायलीस? मुलाखत होऊ दे. कागद हातात पडू दे. मग बोल काय बोलायचं ते. मी बावीस वर्षं खरं बोललो, भोसरीच्या चौकात पुतळा उभारलाय का माझा?"

दुसऱ्या दिवशी टेम्पोत तिने हिंदुरावांनाही आडून आडून विचारलं, की कामात चूक झालेली आपणहून सांगितली तर कंपनी काय करते. हिंदुरावांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "बाई, परमनंटचं चाललंय न्हवं तुमचं? मंग गुमान ऱ्हावा. न्हाई त्ये बोलून हात दाखवून अवलक्षण कशाला? आमी जमीन दिली तवा लई खरं बोललो व्हतो. आता बगा, टेम्पो चालवतोय."

जयमाला गप्प राहिली. चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी पुन्हा प्रयोग होता. तिने ट्रे उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कळेना, की कोणती अळी उचलावी. शेवटी डोळे मिटल्यासारखं करून तिने खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या अशा मिसळून उचलल्या. एकीच्या तोंडाला वडीचा कण तसाच चिकटलेला होता. तिला ते बघवेना.

त्या दिवशी लाल डबीतल्या बऱ्याच अळ्यांनी वड्या फस्त केल्या. मॅडमचा चेहरा उतरला. टोचायचं काम रविराजकडे असे. सत्तावीस वर्षांचा मदतनीस, मॅडमच्याच हाताखाली पीएचडी करणारा. मॅडम त्याच्यावर सगळ्यांसमोर बरसल्या. पेप्टाइड उन्हात ठेवलंस, निष्काळजी आहेस, तुझं नाव पुढच्या लेखात राहील असं समजू नकोस. रविराज मान खाली घालून उभा होता. त्याने काहीच केलं नव्हतं, हे त्या खोलीत फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर जयमाला मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मॅडम, रविराज सरांची चूक नाई. माझी हाय."

तिने सगळं सांगितलं. मॅडम आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"किती दिवसांपासून असं करताय?"

"पैल्यापासून."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाई. जेवत्याला उठवू नये म्हणून."

"जयमालाताई, ती अळी आहे."

"व्हय मॅडम. पण जेवायली होती."

पुढचे तीन दिवस मॅडम अळ्यांच्या खोलीतच होत्या. प्रत्येक अळीला नंबर दिला, चिठ्ठ्या टाकून कोणती अळी कुठल्या डबीत ते ठरवलं, जयमालाला खोलीबाहेर ठेवून स्वतः अळ्या काढल्या. तीन दिवसांत तीन प्रयोग. पेप्टाइड टोचलेल्या अळ्या पांढरीतल्यांइतक्याच मजेत जेवल्या. साडेतीन वर्षांचं काम पाण्यात गेलं होतं. मॅडम ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर जयमालाला जरा बरं वाटलं असतं.

"हे जे मला सांगितलंत, ते लिहून द्याल?" मॅडमनी विचारलं. "तुमच्या शब्दांत. मला लेख मागे घ्यावे लागतील, कारण द्यावं लागेल."

जयमालाने पानभर लिहिलं. शाळा सुटल्यापासून तिने एवढं कधी लिहिलं नव्हतं. खाली सही केली. मॅडमनी कागद घेताना तिच्या हातावर हात ठेवला. "असं खरं बोलायला छाती लागते. मुलाखतीची काळजी करू नका, मी आहे." त्या संध्याकाळी टेम्पोत बसताना जयमालाला कित्येक दिवसांनी हलकं वाटत होतं. घरी जाऊन तिने उद्धवरावांना ठसक्यात सांगितलं, "बघा, खरं बोलल्यानं काय वाईट झालं?"

वाईट व्हायला आठ दिवस लागले. तिच्या कागदाचं इंग्रजी झालं आणि तो वर गेला. वरच्यांना एवढंच हवं होतं, की चूक कुणाची ते एका ओळीत सांगा. मॅडमनी लेख मागे घेतले, त्यात त्या प्रामाणिक होत्या. पण मागे घेण्याचं कारण छापून आलं ते असं: 'एका कंत्राटी, अप्रशिक्षित कर्मचाऱ्याने व्यक्तिगत धार्मिक समजुतीमुळे नमुन्यांच्या निवडीत हस्तक्षेप केल्याचे आढळले.' रविराजने तिला ते मोबाइलवर मराठीत समजावून सांगितलं.

"ह्येच्यात धर्म कुठून आला?" जयमालाने विचारलं.

अळ्या कशा निवडायच्या हे तिला साडेतीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, चिठ्ठ्या टाकायचं एवढ्या शिकलेल्या माणसांतल्या एकालाही सुचलं नव्हतं, याबद्दल त्या ओळीत अवाक्षर नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरीच झाली नव्हती, नुसता हलगर्जीपणा होता, पण सुळी तयार होती आणि मानही हाताशी होती.

"वरनं फोन आला व्हता," हिंदुरावांनी शनिवारी गेटपाशी सांगितलं. "सोमवारपस्नं येऊ नगा. मी म्हनलं व्हतं न्हवं?" त्यांना वाईट वाटत होतं, पण तिचा गेटपास त्यांनी मागून घेतलाच. जयमाला मॅडमना भेटायला गेली, तर त्या मीटिंगमध्ये होत्या. तासभर थांबली. टेम्पो सुटायची वेळ झाली तेव्हा ती निघाली. काचेच्या दारातून मॅडमची पाठ दिसत होती. पाठीला कळलं असावं, कारण ती वळली नाही.

त्या दिवशी उद्धवरावांनी तिला चहा करून दिला. टोमणा मारला असता तरी तिने सहन केला असता, त्या चहाने मात्र तिला रडू आलं.

निघोज्याच्या एका वायरिंगच्या कंपनीत तिला उभ्याचं काम मिळालं. आठ तास उभं राहून वायरींना टेप गुंडाळायची. मधेच कधीतरी ती पन्नास वर्षांची झाली. तो दिवस तिने कुणाला सांगितला नाही.

सात-आठ महिन्यांनी मॅडमचा फोन आला. आवाज पहिल्यासारखाच गोड. झालं होतं असं, की मॅडमनी जुन्या वह्या पुन्हा चाळल्या होत्या. लाल डबीतल्या जवळजवळ सगळ्याच अळ्यांनी पुढच्या दिवसभरात कात टाकली होती. म्हणजे जयमाला कातीवर आलेली अळी अर्धा दिवस आधी, नुसत्या नजरेने ओळखत होती. खाणं थांबवायचा खरा निरोप त्याच वेळी त्या अळ्यांच्या रक्तात फिरत असणार. तो पकडायचा, असं नवं काम मॅडमनी मंजूर करून घेतलं होतं. जयमालाच्या चुकीतूनच ते उगवलं होतं. त्या कायमच्या जागेवर एम.एस्सी. झालेली दिव्या नावाची मुलगी नेमली होती.

"पण तिला ओळखता येत नाहीत हो," मॅडम म्हणाल्या. "डोक्यामागे फिकट पट्टा दिसला की ती काढते, पण तोवर उशीर झालेला असतो. तुमच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बरोबर असायच्या. आठ दिवस या ना, रोजावर. दिव्याला शिकवा."

"कायम करनार का मॅडम?"

"वयाचं बंधन आहे हो. माझ्या हातात असतं तर..."

गरज सरो अन् वैद्य मरो, ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. वैद्य मेल्यावर गरज पुन्हा उगवली तर काय करायचं, ते कुठल्याच म्हणीत सांगितलेलं नाही. उद्धवराव म्हणाला, जाऊ नकोस. जयमाला गेली. रोज बरा होता हे एक, आणि आपल्या जागेवर कोण बसलंय ते बघायचं होतं हे दुसरं. दुसरं कारण मोठं होतं.

दिव्या राजगुरुनगरची, कंपनीच्या बसने यायची. पोर चांगली निघाली, हेच जयमालाला जड गेलं. उर्मट असती तर सोपं झालं असतं. तिने पहिल्याच दिवशी वाकून नमस्कार केला, ताई ताई म्हणत वही घेऊन मागे फिरू लागली. जयमालाने तिला कुंचला धरायला शिकवला. डोक्यामागचा पट्टा दाखवला, तो येण्याआधी कातडीची चमक कशी मंदावते ते दाखवलं, वडी सोडून कडेला बसलेल्या अळ्या दाखवल्या. दिव्या सगळं लिहून घेत होती.

सातव्या दिवशी दिव्याने नेमका प्रश्न विचारला. "ताई, कडेला बसलेल्या सगळ्याच काही कातीवर आलेल्या नसतात ना? काही नुसत्या पोट भरून सुस्तावलेल्या असतात. दोन्ही दिसतात सारख्याच. त्यांतला फरक कसा ओळखायचा?"

उत्तर समोरच्या ट्रेमध्ये पडलेलं होतं. जेवून सुस्तावलेल्या अळीची लेंडी काळी, घट्ट, मोहरीसारखी असते. कातीवर आलेली अळी आधी पोट रिकामं करते. तिची शेवटची लेंडी फिकट, ओलसर पडते आणि कप्प्याला चिकटून बसते. पट्टा दिसायच्या दहा-बारा तास आधी. हे कुठल्या शास्त्रज्ञाला दिसलं नव्हतं, कारण कप्प्यांतली घाण शास्त्रज्ञ काढत नाहीत. नऊ वर्षं ती जयमालाने काढली होती. एवढीच तिची विद्या, आणि ती दोन वाक्यांत सांगून संपली असती.

तालमीतला वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो म्हणतात. पण वस्तादाकडे निदान तालीम तरी असते. जयमालाच्या ओठांवर ती दोन वाक्यं आली होती. या पोरीने आपलं काय वाकडं केलंय, असंही मनात आलं. मग तिला काचेपलीकडची ती पाठ आठवली आणि ओठ मिटले.

"त्येला काय खूण नाई," ती म्हणाली. "नजर बसावी लागते. वर्षं जातेत."

"बरं," दिव्या लिहिता लिहिता म्हणाली. "मॅडम म्हणाल्याच होत्या, ताई सांगतील ते जसंच्या तसं लिहून घे, तपासत बसू नकोस. त्या खोटं बोलत नाहीत." आणि तिने त्या वाक्याखाली रेघ मारली.

जयमालाचं तोंड कडू झालं. आपण इतक्या सहज खोटं बोललो याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. तिने समोरचा ट्रे उचलला, अळ्या दुसऱ्या ट्रेमध्ये हलवल्या, मोरीपाशी जाऊन नळ सोडला आणि कप्प्याकप्प्याला चिकटलेली फिकट लेंडी अंगठ्याने खरवडून धुवायला लागली.

"ताई, राहू द्या, ते मी करते," दिव्या मागून धावत आली.

"ऱ्हाऊ दे बाई," जयमाला न वळता म्हणाली. "तू कायम हाईस. घाण आमी काढतो."